जुन्या लिप्यांतील जोडचिन्हे युनिकोडमध्ये उतरवताना

वैदिक स्वराची उभी रेघ, मोडीतला अनुस्वार, जुन्या ग्रीकमधले आघात, हिब्रूतले स्वरबिंदू, मध्ययुगीन लॅटिनमधली संक्षेपाची आडवी रेघ ही सगळी जोडचिन्हे संगणकात एकाच तत्त्वाने साठवली जातात. आधी मूळ अक्षर, त्याच्यामागे चिन्ह, आणि ते चिन्ह नेमके कुठे बसणार हे फॉन्ट ठरवतो. तत्त्व एवढेच आहे. तरीही पोथीचे प्रतिलेखन पूर्ण झाल्यावर शोध लागत नाही, छपाईत ठिपक्यांची वर्तुळे उमटतात, दोन संपादकांच्या फायली एकमेकींशी जुळत नाहीत. अशा वेळी कारण शोधायला गेले की बहुधा एकच सापडते: टंकन करणाऱ्याने पडद्यावरचा आकार पाहिला, त्यामागे काय साठले ते पाहिले नाही. पुढची सगळी पद्धत साठवलेला मजकूर नीट राहावा यासाठी आहे.

कोड पॉइंट म्हणजे युनिकोड या जागतिक अक्षरसंकेत-प्रमाणाने प्रत्येक चिन्हाला दिलेला संकेत; ते येथे षोडशमान (सोळाच्या पायावरच्या) अंकांत दिले आहेत. दहा ते पंधरा या किमतींसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे वापरली आहेत. संगणकावर टंकताना मात्र रोमन अंक-अक्षरेच वापरावी लागतात. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ०९५१ हा संकेत रोमन अंकांत लिहून ऑल्ट आणि एक्स ही बटणे एकत्र दाबली की स्वरचिन्ह उमटते; चिन्हानंतर पुन्हा तीच बटणे दाबली की त्याचा संकेत दिसतो. छोट्या तपासणीसाठी याहून सोपे साधन नाही.

पहिली पायरी: चिन्हांची यादी

टंकनाला हात घालण्याआधी मजकुरातील सर्व चिन्हांची यादी करा. छायाचित्रे ४०० ते ६०० डीपीआयची असावीत, कारण त्याखाली शाईचा डाग आणि अनुस्वाराचा ठिपका यांत फरक करणे अवघड जाते. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी मिळून वीसेक पाने घ्या. एकाच भागातली पाने घेऊ नका. पोथीत हात बदलतो तेव्हा चिन्हांची पद्धतही बदलू शकते.

यादीत प्रत्येक चिन्हासाठी कात्रण, जागा, आकार, कोणत्या अक्षरांवर येते, दुसऱ्या कोणत्या चिन्हासोबत येते आणि त्याचे कार्य हे रकाने असू द्या. कोड पॉइंटचा रकाना सध्या रिकामा ठेवा. आकार आणि कार्य हे रकाने वेगळेच असले पाहिजेत. याचे कारण वैदिक परंपरेत फार स्पष्ट दिसते. वेदपठणात उदात्त हा उंच, अनुदात्त हा खालचा आणि स्वरित हा उतरता सूर. ऋग्वेदाच्या प्रचलित पद्धतीत अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्त दाखवते, वरची उभी रेघ स्वरित दाखवते आणि उदात्ताला चिन्हच नसते. शतपथ ब्राह्मणात तीच खालची आडवी रेघ उदात्त दाखवते. मैत्रायणी संहितेत वरची उभी रेघ उदात्ताची आहे. आकार एक, अर्थ तीन परंपरांत वेगळे. युनिकोड येथे आकाराला संकेत देते, अर्थाला नाही. म्हणून शतपथाच्या प्रतिलेखनातही खालच्या आडव्या रेघेला ०९५२ हाच संकेत द्यायचा आणि तिचा अर्थ प्रस्तावनेत किंवा मार्कअपमध्ये (मजकुराभोवतीच्या टॅगांत) सांगायचा.

दुसरी पायरी: योग्य कोड पॉइंट निवडणे

युनिकोडच्या तक्त्यांत नाव वाचून थांबू नका. ०९५१ या चिन्हाचे अधिकृत नाव उदात्त असे आहे, प्रत्यक्षात त्याचा मुख्य वापर स्वरितासाठी होतो. एकदा दिलेले नाव युनिकोड बदलत नाही, त्यामुळे ते नाव तसेच राहिले आहे आणि राहील. ज्यांनी नावावर विश्वास ठेवून प्रत्येक उदात्त अक्षरावर ०९५१ टाकले, त्यांच्या संहितेत स्वर चुकीच्या अक्षरांवर पडतात. तक्त्यातील नावाखाली दिलेली टीप, चिन्हाचा प्रवर्ग (ते अक्षर, जोडचिन्ह की विरामचिन्ह) आणि त्याचा जोडवर्ग (क्रम ठरवणारा आकडा, तिसऱ्या पायरीत पाहा) या तीन गोष्टी वाचून मगच निर्णय घ्या.

वैदिक कामासाठी तीन ठोकळे, म्हणजे संकेतांचे सलग गट, लागतात. देवनागरीच्या मुख्य ठोकळ्यात ०९५१ आणि ०९५२ आहेत. वैदिक विस्तार ठोकळा १सीडी० ते १सीएफएफ असा आहे. त्यात तैत्तिरीय दीर्घ स्वरिताची दुहेरी उभी रेघ १सीडीए, काठक परंपरेतील अनुदात्त १सीडीसी, खालचा ठिपका १सीडीडी अशी चिन्हे मिळतात. सामवेदात अक्षरावर बसणारे अंक आणि अक्षरे देवनागरी विस्तार ठोकळ्यात ए८ई० ते ए८एफ१ येथे आहेत. वैदिक विस्तार आणि देवनागरी विस्तार हे दोन्ही ठोकळे २००९ साली युनिकोड ५.२ मध्ये आले. त्याआधीच्या फायलींत सामगानाचे अंक साधे अंक वर उचलून दाखवलेले असतात. तसा मजकूर साध्या फाइलमध्ये उतरला की अंक ओळीत येऊन बसतात आणि संहितेचा भाग वाटू लागतात.

०९५१ आणि ०९५२ ही चिन्हे फक्त देवनागरीची नाहीत. शारदा, ग्रंथ, बंगाली, कन्नड अशा लिप्यांतल्या वैदिक मजकुरातही तीच वापरायची असतात. त्या-त्या लिपीच्या ठोकळ्यात वेगळे चिन्ह शोधत बसू नका. ग्रंथ लिपीत मात्र सामवेदासाठी स्वतःचे वर बसणारे अंक आहेत, ११३६६ पासून पुढे.

मोडीचा ठोकळा ११६०० ते ११६५एफ असा आहे आणि तो २०१४ च्या युनिकोड ७.० मध्ये आला. अनुस्वार ११६३डी, विसर्ग ११६३ई, विराम (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह) ११६३एफ, अर्धचंद्र ११६४०. मोडी मजकुरात देवनागरीचा अनुस्वार ०९०२ घुसला तर तो पडद्यावर कधी बरोबर बसल्यासारखा दिसतो, कधी ठिपक्यांच्या वर्तुळावर जातो. साठवणीत मात्र तो नेहमीच परका असतो. ब्राह्मीचा ठोकळा ११००० ते ११०७एफ, २०१० पासून. अनुस्वार ११००१, विराम ११०४६.

आकार जुळतो म्हणून दुसऱ्याच लिपीचे चिन्ह उचलणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. स्वरितासाठी ०३०डी ही सर्वसाधारण उभी रेघ, अनुदात्तासाठी ०३३१ ही खालची आडवी रेघ, दंडासाठी कीबोर्डवरची उभी रेघ हे सगळे पडद्यावर चालून जाते. मग कुणी ०९५१ शोधतो आणि अर्धी संहिता निकालात येत नाही.

आणखी एक सापळा लॅटिन मजकुरात भेटतो. अक्षराला आरपार छेदणारी रेघ युनिकोडमध्ये जोडचिन्ह म्हणून फोडली जात नाही. पायाला छेद दिलेल्या पी या संक्षेपाक्षराला ए७५१ हा स्वतंत्र संकेत आहे. साध्या पी अक्षराला ०३३५ ही छेदरेघ जोडली तर आकार जवळपास तसाच दिसतो, पण कोणतेही नॉर्मलायझेशन (समान मजकूर एकाच रूपात आणणारी प्रक्रिया) या दोघांना एक मानत नाही. याउलट अक्षराच्या डोक्यावर लिहिलेली लहान अक्षरे ०३६३ ते ०३६एफ येथे खरी जोडचिन्हे म्हणून मिळतात. मध्ययुगीन युरोपीय हस्तलिखितांसाठी मुफी या गटाने केलेल्या याद्या या कामात फार उपयोगी पडतात, आणि ज्युनिकोड हा फॉन्ट त्या याद्यांना धरून आहे.

तिसरी पायरी: क्रम

येथे थोडे थांबून नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण उरलेल्या बहुतेक अडचणी क्रमातून निघतात.

प्रत्येक जोडचिन्हाला युनिकोडने एक जोडवर्ग दिलेला आहे. शून्य वर्ग म्हणजे या चिन्हाची जागा कुणी बदलणार नाही. नुक्त्याचा (अक्षराखालच्या ठिपक्याचा) वर्ग ७, विरामाचा ९, अक्षराखाली बसणाऱ्या चिन्हांचा बहुधा २२०, वर बसणाऱ्यांचा बहुधा २३०, ग्रीकमधल्या अधोलिखित आयोटाचा २४०. नॉर्मलायझेशन करताना संगणक शेजारशेजारच्या शून्येतर चिन्हांना वर्गाच्या चढत्या क्रमाने लावतो. एकाच वर्गातील चिन्हांचा आपापसातला क्रम तो हलवत नाही.

ऋग्वेदातील कंपाचे, म्हणजे स्वर थरथरवण्याच्या खुणेचे, उदाहरण घ्या. स्वतंत्र (आधीच्या उदात्तावर न अवलंबणाऱ्या) स्वरितानंतर उदात्त आला की ऱ्हस्व अक्षरापुढे १ आणि दीर्घ अक्षरापुढे ३ हा अंक लिहितात आणि त्या अंकालाच वर स्वरिताची व खाली अनुदात्ताची रेघ देतात: अ॒प्स्व१॒॑न्तः. एकाने अंकानंतर ०९५१ आणि मग ०९५२ टंकले, दुसऱ्याने उलट. खालच्या रेघेचा वर्ग २२०, वरच्या रेघेचा २३०, म्हणून नॉर्मलायझेशननंतर दोघांचाही क्रम ०९५२, ०९५१ असा होतो आणि दोन्ही फायली जुळतात. नॉर्मलायझेशन केले नाही तर डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या या दोन फायली संगणकाला कायम वेगळ्या वाटतात.

अनुस्वार-विसर्गाच्या बाबतीत हे संरक्षण मिळत नाही. देवनागरीतील मात्रा, अनुस्वार आणि विसर्ग यांचा वर्ग शून्य आहे. तेथे तुम्ही ठेवाल तोच क्रम राहतो. मायक्रोसॉफ्टच्या देवनागरी फॉन्ट नियमावलीत अक्षराच्या शेवटी आधी अनुस्वार किंवा विसर्ग आणि त्यानंतर वैदिक स्वर असा क्रम आहे. म्हणून व्यंजन, मात्रा, अनुस्वार, स्वर हा क्रम पाळा. स्वर आधी आणि अनुस्वार नंतर असे टंकल्यास काही ठिकाणी मजकूर ठीक दिसतो, काही ठिकाणी अनुस्वार वर्तुळावर जातो. विसर्गाआधी स्वर देण्याची सवय पुष्कळ जुन्या फायलींत दिसते. अशा फायली मिळाल्या तर सर्व जागा एकाच नियमाने बदलून घ्या.

अ॒ग्निमी॑ळे हा शब्द बरोबर साठवला तर त्याची माळ अशी होते: ०९०५, ०९५२, ०९१७, ०९४डी, ०९२८, ०९३एफ, ०९२ई, ०९४०, ०९५१, ०९३३, ०९४७. अनुदात्त अ नंतर लगेच आला आहे आणि स्वरित दीर्घ ईच्या मात्रेनंतर. म आणि मात्रेच्या मध्ये तो टाकला तर मात्रा तुटते. आपल्या प्रकल्पातले असे पाच-सहा शब्द निवडून त्यांच्या माळा लिहून ठेवा आणि प्रत्येक नव्या टंकलेखकाच्या कामाची पहिली तपासणी त्यांवर करा.

ग्रीकमध्ये श्वासचिन्हे ०३१३ व ०३१४ आणि आघात ०३००, ०३०१ या सगळ्यांचा वर्ग २३० आहे. म्हणून क्रम तुम्हालाच सांभाळावा लागतो: आधी श्वासचिन्ह, मग आघात, शेवटी ०३४५ हा खालचा आयोटा. अल्फानंतर ०३१४, ०३०१, ०३४५ या क्रमाने दिल्यास ते १एफ८५ या एका संकेतात जुळून येते. आघात आधी दिला तर तो अल्फाला जाऊन चिकटतो, श्वासचिन्ह एकटे वर तरंगते आणि शब्दकोशातल्या रूपाशी शब्द कधीच जुळत नाही. संस्कृतच्या रोमन लिप्यंतरातही हेच घडते. दीर्घ आ वर उदात्त दाखवायचा असेल तर आधी ०३०४ ही दीर्घत्वाची रेघ, मग ०३०१ हा आघात.

हिब्रूची अडचण याच्या उलट आहे. तेथे प्रत्येक स्वरबिंदूला स्वतःचा वेगळा वर्ग मिळाला आहे, त्यामुळे नॉर्मलायझेशन जेथे हात लावू नये तेथेही क्रम बदलते. बायबलमधील यरुशलेमच्या नावात लामेद या एकाच अक्षराखाली पतह आणि हिरिक असे दोन स्वर येतात. पतहचा वर्ग १७, हिरिकचा १४, म्हणून हिरिक पुढे सरकतो आणि वाचन उलटते. वर्ग बदलणे आता शक्य नाही. जुने सर्व नॉर्मलाइझ केलेले मजकूर त्यावर उभे आहेत. उपाय म्हणून दोघांच्या मध्ये ०३४एफ हे अदृश्य चिन्ह ठेवतात. त्याचा वर्ग शून्य असल्याने त्याला ओलांडून क्रम बदलला जात नाही. त्याच्या नावात जोडणारे असे सुचवले असले तरी त्याचे येथले काम वेगळे ठेवण्याचे आहे. ज्या लिपीत खरेच गरज आहे तेथेच ते वापरा. खबरदारी म्हणून सगळीकडे पेरले तर शोध मोडतो.

चौथी पायरी: नॉर्मलायझेशनचे रूप ठरवणे

चार रूपे आहेत: एनएफसी (अक्षर आणि चिन्ह शक्य तेथे एका संकेतात जोडणारे), एनएफडी (दोन्ही वेगळे फोडणारे), आणि त्यांचीच अधिक सैल रूपे एनएफकेसी व एनएफकेडी. मूळ फाइलसाठी एनएफसी घ्या, चिन्हे वेगळी काढून काम करायचे असेल तेव्हा तात्पुरते एनएफडी करा. नावात के असलेली दोन रूपे प्रतिलेखनाच्या मूळ फाइलवर कधीही चालवू नका. ती जुन्या लांब एसचा साधा एस करतात, वर लिहिलेली काही अक्षरे ओळीत आणतात आणि हा बदल उलटवता येत नाही. शोधाच्या अनुक्रमणिकेत मात्र ती उपयोगी पडतात.

एनएफसी म्हणजे सगळे जोडलेले असा समज चुकीचा आहे. मराठीतला ऱ हा ०९३१ या एका संकेतात राहतो. पण ०९५८ हा नुक्तायुक्त क एनएफसीतही ०९१५ आणि ०९३सी असा दोन भागांतच येतो, कारण त्याला पुन्हा जोडण्यातून वगळलेले आहे. दोन्ही वर्तणुका नियमाप्रमाणेच आहेत. मोडीत आणि ब्राह्मीत फोडता येणारे संकेतच नाहीत, त्यामुळे हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

नॉर्मलायझेशन जे एक करत नाही त्याची यादी तुम्हालाच करावी लागते. दर्‍या या शब्दातला र ०९३० व विरामानंतर २००डी हे शून्य रुंदीचे सांधणारे चिन्ह देऊनही लिहिता येतो आणि ०९३१ व विराम देऊनही. दिसायला एकच, कोणत्याही रूपात समान नाहीत. एक निवडा, नियमपुस्तिकेत लिहा, दुसरे बदलून घ्या.

साधनांची युनिकोड आवृत्ती तपासा. ज्या जुन्या लायब्ररीला एखादे चिन्ह माहीतच नाही, ती त्याचा वर्ग शून्य धरते आणि क्रम लावत नाही. एकाच फाइलवर दोन यंत्रांनी वेगळा निकाल दिला तर पहिला संशय यावरच घ्या.

पाचवी पायरी: कीबोर्ड आणि फॉन्ट

चिन्हे कॉपी करून डकवण्याची पद्धत दहा पानांपुरती ठीक आहे. त्यापुढे कीमॅनसारख्या साधनात स्वतःचा कीबोर्ड बनवा. त्यात दोन गोष्टी पाहिजेत: यादीतील चिन्हांखेरीज दुसरे चिन्ह उमटूच नये, आणि टंकलेखकाने क्रम उलटा दिला तरी कीबोर्डने तो सुलटा करून द्यावा. कीमॅनच्या नियमांत मागची अक्षरे पाहून क्रम बदलण्याची सोय आहे.

फॉन्टमध्ये चिन्हाचा आकार असणे पुरेसे नसते. चिन्ह अक्षरावर बसवण्यासाठी मार्क नावाची सोय लागते आणि चिन्हावर चिन्ह चढवण्यासाठी एमकेएमके. पहिली नसेल तर रेघ शेजारच्या अक्षरावर सरकते, दुसरी नसेल तर दोन चिन्हे एकमेकांवर छापली जातात. वैदिक देवनागरीसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका, मोडीसाठी नोटो सॅन्स मोडी, ब्राह्मीसाठी नोटो सॅन्स ब्राह्मी, हिब्रूसाठी एझ्रा एसआयएल किंवा एसबीएल हिब्रू यांनी सुरुवात करा.

फॉन्ट निवडताना एक चाचणी पान तयार ठेवा. प्रत्येक चिन्ह साध्या अक्षरावर, वरच्या मात्रेवर, खालच्या मात्रेवर, अनुस्वारासह, जोडाक्षरावर आणि दुसऱ्या चिन्हासह, असे सहा नमुने. हे पान क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये, लिब्रेऑफिसमध्ये आणि वर्डमध्ये उघडून पाहा. पहिल्या तिन्हींत हार्फबझ हे जुळणी इंजिन असते, वर्डमध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे. दोन इंजिने एखादा क्रम वेगळ्या प्रकारे स्वीकारू शकतात.

दोष ओळखण्याची खूण अशी. रिकामा चौकोन आला तर फॉन्टमध्ये तो आकार नाही, मजकूर बहुधा ठीक आहे. ठिपक्यांचे वर्तुळ आले तर इंजिनाला क्रम मान्य नाही किंवा चिन्ह दुसऱ्या लिपीचे आहे. आधी संकेतांची माळ तपासा, फॉन्ट बदलू नका. चिन्ह सरकलेले दिसले तर मार्कची सोय अपुरी आहे किंवा मूळ अक्षर एका फॉन्टमधून आणि चिन्ह दुसऱ्या फॉन्टमधून येत आहे. हा शेवटचा प्रकार फार फसवतो, कारण संगणक गुपचूप पर्यायी फॉन्ट वापरतो. फॉन्टसाठी मजकुरात रिकाम्या जागा किंवा शून्य रुंदीची सांधणारी चिन्हे घालून आकार जुळवू नका. पुढच्या वर्षी फॉन्ट सुधारेल आणि तुमची जुळवाजुळव दोष म्हणून उरेल.

सहावी पायरी: साठवण आणि शोध

फायली यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत ठेवा. देवनागरीचा एक संकेत तीन बाइट घेतो, मोडी आणि ब्राह्मीचा चार. येथे डेटाबेस अडतो. मायएसक्यूएलमधील यूटीएफ८ नावाचा जुना संच तीन बाइटपर्यंतचेच संकेत घेतो. मोडीसाठी यूटीएफ८एमबी४ हवा. तेवढ्यावरही काम भागत नाही. त्याच्या जनरल सीआय या तुलनापद्धतीत चार बाइटवाली सगळी अक्षरे एकमेकांच्या बरोबरीची धरली जातात, म्हणजे मोडी क शोधला तर मोडी ग देखील सापडतो. बायनरी तुलना किंवा नावात ०९०० असलेली पद्धत निवडा. जावास्क्रिप्टमध्ये मोडीच्या एका अक्षराची लांबी २ येते, त्यामुळे लांबी मोजून मजकूर कापणारा प्रत्येक कोड तपासून घ्या.

स्वरचिन्हे दुर्लक्षून शोध घ्यायची सोय वाचकाला हवीच असते. येथे लॅटिनसाठी लिहिलेली एक पद्धत सर्रास उचलली जाते: एनएफडी करा आणि एमएन प्रवर्गातील (स्वतःची रुंदी न घेणारी) सर्व चिन्हे गाळा. देवनागरीत ती पद्धत मजकूर उद्ध्वस्त करते. उकार, ऊकार, ऋकार, एकार, ऐकार, अनुस्वार, नुक्ता आणि विराम हे सगळे एमएन प्रवर्गात आहेत. काना, वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग एमसी या रुंदी घेणाऱ्या चिन्हांच्या प्रवर्गात. मुकुंद या शब्दातून एमएन गाळले की मकद उरते. म्हणून गाळायच्या चिन्हांची नेमकी यादी द्या: ०९५१, ०९५२, ए८ई० ते ए८एफ१ आणि वैदिक विस्तारातील स्वरचिन्हे. या शेवटच्या ठोकळ्यातले सगळेच संकेत स्वर नाहीत. १सीडी३ हे विरामचिन्ह आहे आणि १सीई९ पासून काही संकेत अक्षरे म्हणून गणले जातात. तक्ता उघडून एकेक निवडा. कंपाचे अंक गाळायचे की ठेवायचे हेही ठरवावे लागते, कारण ते साधे देवनागरी अंकच आहेत. ज्या अंकाला ०९५१ किंवा ०९५२ जोडलेले आहे तोच गाळा, म्हणजे मंत्रक्रमांक वाचतील.

पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर मूळ म्हणून धरू नका. पीडीएफ आकार आणि त्यांच्या जागा साठवते. तेथून परत येताना वेलांटी व्यंजनाआधी जाते आणि स्वर पुढच्या अक्षराला चिकटतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फायलींचेही तसेच आहे. रूपांतरानंतर प्रत्येक ओळ कोणत्या नियमाने बदलली याची नोंद ठेवा आणि मूळ फाइल जपून ठेवा.

सातवी पायरी: वाचनाचा संशय आणि शाईचा रंग

अनेक वैदिक पोथ्यांत संहिता काळ्या शाईने आणि स्वर तांबड्या शाईने दिलेले असतात. ही माहिती टीईआय या ग्रंथ-संपादनाच्या मार्कअप पद्धतीत टिपताना फक्त स्वरचिन्हाभोवती टॅग लावू नका. टॅगच्या आत पहिलेच चिन्ह जोडचिन्ह आले की ते मूळ अक्षरापासून तुटते, काही ठिकाणी वर्तुळावर बसते, आणि शोधही तेथे अडतो. टॅग पूर्ण अक्षराभोवती लावा आणि स्वर तांबडा आहे हे गुणधर्मात लिहा. पुसट स्वर, संपादकाने भरलेला स्वर, नंतरच्या हाताने दुरुस्त केलेला स्वर यांनाही हाच नियम.

मोडी कागदपत्रांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. कागदावर जे रूप आहे त्याचाच संकेत द्या. आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे सुधारलेला मजकूर हवा असेल तर त्याचा वेगळा थर करा. दोन्ही एकाच ओळीत मिसळले की कोणते रूप लेखकाचे आणि कोणते संपादकाचे हे नंतर कुणालाही सांगता येत नाही, आणि जुन्या लेखनपद्धतीचा अभ्यास करणाऱ्यासाठी ती प्रत निरुपयोगी होते.

आठवी पायरी: चिन्ह युनिकोडमध्ये नसेल तर

आधी खात्री करा की ते खरेच नवे चिन्ह आहे. बहुतेक वेळा ते माहीत असलेल्या चिन्हाचे हस्तभेदाने झालेले रूप असते, आणि रूपभेद दाखवणे फॉन्टचे काम आहे. दोन्ही आकार एकाच हाताने एकाच पानावर वेगळ्या अर्थाने वापरले असतील, तर मात्र दावा मजबूत होतो.

तोपर्यंत काम थांबवण्याचे कारण नाही. ई००० ते एफ८एफएफ या खासगी भागात ६,४०० जागा आहेत. त्यातली एक घ्या, पण प्रकल्पाच्या आतच. खासगी संकेताचा अर्थ तुमच्या फॉन्टबाहेर कुणालाच कळत नाही, आणि त्याचा जोडवर्ग शून्य असल्याने क्रमही कुणी लावत नाही. बाहेर देताना टीईआयच्या पी५ नियमावलीतील जी या घटकाने चिन्हाचा निर्देश करा आणि शीर्षभागात त्याचे वर्णन, चित्र व जवळचे प्रमाण रूप द्या. म्हणजे उद्या खरा संकेत मिळाला की एका आदेशात सर्वत्र बदल होतो.

प्रस्ताव युनिकोड कन्सॉर्शियमकडे पाठवता येतो. त्यात चिन्हाचा आकार, सुचवलेले नाव, प्रवर्ग, जोडवर्ग, इतर चिन्हांसोबतचा क्रम आणि मूळ साधनांतील छायाचित्रे लागतात. पहिल्या पायरीतली यादी येथे कामाला येते. कात्रणे एकापेक्षा अधिक पोथ्यांतली आणि शक्य तर वेगळ्या काळातली असावीत. प्रत्येकाखाली पोथीचा संग्रह, क्रमांक, पान आणि ओळ लिहा. बर्कली येथील स्क्रिप्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह हा उपक्रम ऐतिहासिक लिप्यांच्या प्रस्तावांना मदत करतो. वेळ मात्र लागतो: अंशुमन पांडे यांचा मोडीचा प्रस्ताव २०११ सालचा आहे आणि लिपी प्रमाणात आली २०१४ मध्ये. म्हणून कात्रणे गोळा होत असतानाच प्रस्तावाचा मसुदा सुरू करा, आणि जोडवर्ग सुचवताना चिन्ह वर आहे की खाली एवढेच न पाहता शेजारच्या प्रत्येक चिन्हासोबत त्याचा क्रम कागदावर मांडून पाहा. संकेत मंजूर झाल्यावर ती एक गोष्ट पुन्हा दुरुस्त करता येत नाही.